मसुदा नेमका कुठे थांबतो?

“मॅडम, आताशा काही सुचतच नाही.”

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते बोलणाऱ्यांचा एक वेगळा गटच माझ्या मनात तयार झाला आहे. डिचोलीकडचे निवृत्त मुख्याध्यापक, मडगावात संगणकावर काम करणारा तरुण, म्हापशाच्या एक गृहिणी. सगळे हौसेने स्वतःचा ब्लॉग लिहिणारे. कुणी प्रवासावर लिहितं, कुणी स्वैंपाकावर, बहुतेक जण आठवणींवर. आणि सगळे जरा ओशाळूनच येतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यायचं म्हणजे काय, असं स्वतःच बोलून मोकळे होतात. मी ते बोलणं तिथेच थांबवते. एक पैसा न मिळता, कुणी न सांगता माणूस जे काम वर्षानुवर्षं करत आला, ते बंद पडणं एवढंसं नसतं.

आधी एक गोष्ट मात्र मी तपासून घेते. फक्त लिहिणंच थांबलंय की बाकीचंही? झोप, भूक, माणसांत मिसळणं, आवडीचं गाणं, यांतलंही बरंच काही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ हरवलं असेल, तर प्रश्न लेखनाचा नाही. तेव्हा मी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगते. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांकही देते. नैराश्यावर ‘रोज दोन पानं लिहा’ हा उपाय नव्हे.

जिची गोष्ट सांगणार आहे, तिचं बाकी सगळं ठीक चाललं होतं. (तिने परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गोव्यात हे फार करावं लागतं. इथे दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला एखादा समाईक नातेवाईक निघतो.) फोंडा तालुक्यातलं गाव, सहकारी बँकेत नोकरी, वय पंचेचाळिशीच्या आसपास. घरात कोंकणी बोलायची आणि मराठीत लिहायची. गोव्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, इथे बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली आहे. तिचे जुने लेख मी वाचले. चुलीवरची पेज, दिवाडीची फेरीबोट, पावसाळ्यात घरात दाटणारा ओल्या कपड्यांचा वास. नेटकं, तिरकस आणि हसवणारं लिहायची. दोन वर्षांपूर्वी अचानक थांबली.

तिने उपायही सगळे करून पाहिले होते. पहाटे उठून बसली, महाग वही आणली, लेखनाच्या एका ऑनलाइन कार्यशाळेला पैसे भरले. लेखकाने रोज ठरल्या वेळी बसलंच पाहिजे, या सल्ल्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. ज्याला नुसती शिस्त कमी पडते त्याला तो उपयोगी पडतो. बाकीच्यांना रोज ठरल्या वेळी अपराधी वाटायची सवय लागते.

“सुचत नाही म्हणजे काय होतं?” मी विचारलं.

“कोरं पान दिसतं.”

“फोन दाखवता?”

पान कोरं नव्हतंच. तिच्या फोनात मसुद्यांची रांग लागली होती. कुणाचे दोन परिच्छेद झालेले, कुणाचे तीन. सुरुवाती तर अशा की मीच पुढे काय म्हणून खाली सरकत गेले. सुचत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हेच दिसतं, म्हणून मी आता कारणांच्या चर्चेत न शिरता आधी मसुदे मागते. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्याच्यापेक्षा तो कुठे थांबला हे जास्त बोलकं असतं.

“हा का राहिला?”

“कंटाळा आला.”

“आणि हा?”

“त्या दिवशी घरी पाहुणे होते.”

“आता प्रत्येकाची फक्त शेवटची ओळ मोठ्याने वाचा.”

पहिला मसुदा चतुर्थीचा होता. गणपतीसमोर टांगायच्या माटोळीचं, म्हणजे रानातल्या फळापानांनी सजवलेल्या चौकटीचं सामान ती नावानिशी सांगत आली होती. सुपारीचे घोस, कांगलां, घागऱ्यो, तोरिंगण, आणि ते आणायला आदल्या दिवशी डोंगरावर गेलेली पोरं. शेवटची ओळ: ‘आमच्याकडे माटोळी बांधायचा मान धाकट्या काकांचा.’ दुसरा फेरीबोटीचा होता, तो ‘त्या दिवशी बाबांबरोबर काकाही होते’ इथे संपला होता. तिसरा स्वैंपाकघरातला. हळदीच्या पानांत पातोळ्या थापणं चालू आहे, तेवढ्यात काकी मागच्या दाराने आत येते.

ती ओळ तिने अर्धीच वाचली. फोन मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. असा वेळ तोडायचा नसतो, हे मी या खुर्चीवर बसून शिकले आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. हातात आलेला निष्कर्ष समोरच्याला सांगून टाकायचा मोह फार मोठा असतो. मी सांगितला असता तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन चौथा मसुदा अर्धा टाकला असता.

“सगळीकडे तेच येतात,” ती म्हणाली. मग मराठी सुटली आणि म्हणाली, “बाबाक कितें दिसतलें?”

बाबांना काय वाटेल. त्यामागची हकिगत पुढच्या भेटींत आली. मूळ घराच्या वाटणीवरून तिचे वडील आणि काका यांचं बोलणं बंद झालेलं. गणपती मात्र अजून त्याच घरात, दोन्ही कुटुंबं एकत्र. दोन वर्षांपूर्वी तिने एका लेखात ‘एका घरातल्या दोन चुली’ अशी एक ओळ लिहिली होती. चुलतभावाने ती नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. कुणी भांडलं नाही. नुसतं सगळं गप्प झालं. त्यानंतर तिचा एकही लेख पुरा झाला नव्हता.

“बाबा काय म्हणाले तेव्हा?”

“काहीच नाही. ‘बरें बरयलां’ म्हणाले आणि सोप्यावर जाऊन बसले.”

“चांगलं लिहिलंयस म्हणाले. तुम्ही काय ऐकलंत?”

“घराची अब्रू घालवलीस.”

“हे ते म्हणाले?”

ती हसली, पण डोळे भरले होते. “नाही. ते मीच म्हटलं.”

माझी सगळी बैठक या एका फटीवर उभी आहे. घडलेली गोष्ट आणि त्या गोष्टीचा आपण लावलेला अर्थ, यांच्यामधली फट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच पायावर मांडायला सुरुवात केली. दोन वर्षं ती वडिलांच्या रागाला भीत होती, आणि वडील रागावल्याचा पुरावा काय तर सोप्यावर जाऊन बसणं. ते रोज संध्याकाळी तिथेच बसत!

मी तिला माटोळीचा अर्धा मसुदा वडिलांना वाचून दाखवायला सुचवलं. तिने आठवडाभर टाळलं, मग दाखवला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि माटोळीच्या गाठी बांधायला धाकट्याला आपणच शिकवलं होतं, हे सांगत बसले. तिला हे ठाऊक नव्हतं. मसुदा पुरा झाला.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. प्रत्येकाचे वडील असे निघतील असं नाही. काही घरांत खरोखरच वादळ होतं. म्हणून घरच्यांना विचारा, हा सल्ला मी सरसकट देत नाही. सरसकट सांगते ते वेगळंच: लिहिणं आणि प्रसिद्ध करणं या दोन कामांची गाठ सोडवा.

१९९९ मध्ये ब्लॉगरसारखी सोय आली तेव्हा तिचं मोठं आकर्षण हेच होतं की लिहिलं, बटण दाबलं, जगासमोर गेलं. त्यामुळे असंख्य माणसं लिहिती झाली, हे खरंच. पण पूर्वी वर्तमानपत्राला लेख देणाऱ्याच्या आणि वाचकाच्या मध्ये एक संपादक असे, टपालाचे चार दिवस असत. ब्लॉग लिहिणारा लेखकही तोच, संपादकही तोच, आणि वाचकांची वाट बघत दारात बसलेलाही तोच. तिन्ही कामं एकाच खिडकीत चालली की पहिली ओळ लिहितानाच शेवटची प्रतिक्रिया ऐकू यायला लागते. पुण्या-मुंबईच्या ब्लॉगरचे वाचक निदान अनोळखी तरी असतात. इथले वाचक जत्रेत भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात. आपल्याकडे हा त्रास दुप्पट असतो, आणि त्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून पहिला मसुदा ब्लॉगच्या खिडकीत लिहूच नये. वहीत लिहा, कागदावर लिहा, जिथे बटण नाही तिथे लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मनातल्या सगळ्यात अवघड गोष्टीवर सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जड वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून वाईट वाटलं म्हणजे लिहिणं चुकलं, असं मानणाऱ्यांना मी हा प्रयोग मुद्दाम सांगते. त्या वहीतलं काय बाहेर न्यायचं, हे नंतर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मनाने ठरवावं.

जिवंत माणसांबद्दल लिहिताना माझ्याकडे येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: जे पाहिलं ते लिहा, समोरच्याच्या मनात काय होतं याचा निकाल देऊ नका. ‘काकांनी घर तोडलं’ हा निकाल आहे. ‘त्या वर्षी काकांनी माटोळी बांधली आणि खाली उभं राहून कुणी फळ वर दिलं नाही’ हे तिने पाहिलेलं आहे. दुसरं वाक्य जास्त खरं आहे, आणि लेख म्हणूनही कितीतरी सरस आहे.

मुख्याध्यापक सर सकाळी चहाआधी वाचकांचा आकडा बघतात, तरुणाला पहिल्याच मसुद्यात अजोड लेख हवा असतो. या दोघांनाही मी एलिस यांचीच गोष्ट सांगते. १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती होती. ती घालवायला त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलायचं ठरवलं. तीसेक जणी उठून गेल्या, शंभरेक जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. हातात काही पडलं नाही, पण भीती गेली. मग मी गृहपाठ देते: मुद्दाम एक साधा, सामान्य लेख टाका. ग्रेट नको. टाकून दोन दिवस आकडा बघू नका.

तिलाही हा गृहपाठ दिला. कदंब बसची वाट बघण्यावर तिने दीडशे शब्द लिहिले आणि मला म्हणाली, “मॅडम, फारच फुसकं झालंय.” मी वाचलं. फुसकंच होतं. तसं सांगितलं, तर तिला भलताच आनंद झाला. ते फुसकं टाकूनही बँकेत, गावात, देवळात काही घडलं नाही.

आता ती महिन्यातून एखादा लेख लिहिते, पूर्वीपेक्षा कमी. तिची तक्रार नाही, माझीही नाही. वहीतलं निम्मं ती बाहेर आणत नाही. काका वाचत नाहीत. तो चुलतभाऊ मात्र नेमाने वाचतो. माटोळीच्या लेखानंतर त्याचा निरोप आला, की घागऱ्यो त्या डोंगरावर मिळतच नाहीत, पलीकडच्या डोंगरावर मिळतात. तिने लेखात दुरुस्ती केली.