अबकारीचा परवाना आहे, तरी पैसे अडकले

प्रश्न : काका, गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आणि वडिलोपार्जित फेणीची भट्टी आहे. अबकारी परवाना चालू आहे. यंदा भट्टी बघायला येणाऱ्यांसाठी आगाऊ नोंदणी सुरू केली. बोंडू तुडवण्यापासून हुर्राक (पहिल्या धारेची काजूची दारू) चाखण्यापर्यंत सगळं, माणशी ६०० रुपये. बाटली ऑनलाइन विकत नाही. तीन आठवडे पैसे नीट आले. मग ऑनलाइन पैसे घेऊन आमच्याकडे पोचवणाऱ्या गेटवे कंपनीची एक ओळ आली, 'आपला व्यवसाय आमच्या धोरणात बसत नाही', आणि खातं बंद. ४१,४०० रुपये अडकलेत. सासरे विचारतात, आपण काय चोरीचा धंदा करतो?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : वहिनी, काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. गेटवेला त्याचं काही नाही. कार्डाच्या जगात प्रत्येक दुकानदाराला चार आकडी संकेतांक असतो. दारूच्या दुकानाचा ५९२१, जुगाराचा ७९९५. तुम्ही विकता सहल, पण वेबसाइटवर 'फेणी' दिसल्यावर तुम्हाला दारूवाल्यांत टाकलं असेल, हा माझा तर्क.

त्यात तुमचे पैसे आगाऊ. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी बँकेत जाऊन 'मला सेवा मिळाली नाही' म्हणालं, तर बँक रक्कम गेटवेकडून ओढते. तुम्ही तोवर गाशा गुंडाळला असेल तर भुर्दंड गेटवेला. एक भट्टी सोडून त्यांचं काय बिघडतं? म्हणून ते विचारतही बसत नाहीत. मला राग येतो तो याचाच.

कोर्टाचं म्हणाल, तर असं दार लावल्याचं एक उदाहरण आहे : २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी, म्हणजे आभासी चलनवाल्यांशी, व्यवहार करू नका म्हणून सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. पण तिथं समोर रिझर्व्ह बँक होती. खासगी कंपनीनं स्वतःहून दार लावलं, तर तोच युक्तिवाद सहज चालत नाही.

नकाराशी भांडू नका, पैशांसाठी भांडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला दुकानदारांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात (स्वतःच्या पैशांत न मिसळता) ठेवावे लागतात आणि तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो. त्याला लेखी विचारा : कोणता संकेतांक लावला, कराराचं कोणतं कलम, रक्कम कोणत्या तारखेला सुटणार. नोंदणीची यादी जोडा.

दुसऱ्या गेटवेकडे गेलात तर फेणी लपवून नुसतं 'कृषी पर्यटन' लिहू नका. खोटी माहिती दिली म्हणून बंद करायला त्यांना आयतं कारण मिळेल. तोवर तुमचं चालू खातं असलेल्या बँकेचा क्यूआर घ्या.

मी म्हापशात बँकेत होतो, तेव्हा एका तावेर्नवाल्याला, म्हणजे दारूच्या गुत्तेवाल्याला, खातं नाकारायचं आमच्या साहेबांच्या मनात होतं. तो परवाना घेऊन टेबलासमोर बसला, हललाच नाही. दुपारी खातं उघडलं. तुम्हीही परवान्याची प्रत घेऊन शाखेत जा, आणि सासऱ्यांना सोबत न्या.