विंडोजच्या बॅच फाइलमधून (एकामागून एक कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्टमधून) पीडीएफ छापल्यावर रीडर आपोआप, पण सुरक्षितपणे कसा बंद करायचा?

अॅक्रोबॅट रीडरला 'स्लॅश टी' हा छपाईचा पर्याय देऊन प्रिंट सोडली की कागद येतो, पण खिडकी उघडीच राहते. म्हणून प्रोग्राम सुरू करणाऱ्या 'स्टार्ट' कमांडला 'स्लॅश वेट' (तो बंद होईपर्यंत थांब) लावू नका, स्क्रिप्ट तिथेच अडकून बसेल.

बरेच जण 'टाइमआउट'ने दहा सेकंद थांबून 'टास्ककिल स्लॅश एफ' ही प्रोग्राम बंद करणारी कमांड चालवतात. कृपा करून हे टाळा. 'स्लॅश एफ' प्रोग्रामला काही न विचारता जागीच संपवतो. शिवाय 'स्लॅश आयएम'ने नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या खिडक्या जातात. त्याच मशीनवर कोणी दुसऱ्या पीडीएफवर शेरे लिहीत असेल तर सेव्ह न केलेलं सगळं गेलंच. 'स्लॅश एफ' काढला तर फुलीवर क्लिक केल्यासारखा फक्त बंद होण्याचा निरोप जातो, आणि सेव्ह करायचं का हे विचारायला प्रोग्रामला वाव मिळतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. प्रोग्राम आधी सगळी पानं विंडोजच्या स्पूलरकडे, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेकडे, देतो. ती पूर्ण पोचली की प्रोग्राम बंद झाला तरी छपाई चालू राहते. अर्ध्यात मारला तर पानं अपुरी निघू शकतात. मोठ्या, चित्रांच्या फाइलला दहा सेकंद पुरतीलच असं नाही. त्यामुळे अंदाजाने थांबण्यापेक्षा पॉवरशेलच्या 'गेट-प्रिंटजॉब'ने रांग तपासा आणि काम 'स्पूलिंग' (पानं अजून रांगेत पोचताहेत) या अवस्थेतून बाहेर पडलं की मगच बंद करा.

माझं मत विचाराल तर सुमात्रा पीडीएफ हा दुसरा रीडर वापरा. 'प्रिंट-टू-डिफॉल्ट' आणि 'सायलेंट' दिलं की तो छापून स्वतःच बंद होतो, टास्ककिल लागतच नाही.