वाचकांचे प्रश्न : पाड्यावरचे ज्ञान ऑनलाइन नेताना

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातील एका आश्रमशाळेत शिकवते. मुलांनी आजी-आजोबांकडून रानभाज्या, झाडपाल्याची औषधे आणि लग्नातील धवलेरीची (लग्नविधी करणाऱ्या स्त्रीची) गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत व ती यूट्यूबवर ठेवून इतर शाळांनीही त्यांतून शिकावे, अशी आमची योजना आहे. काही ज्येष्ठ उत्साहाने बोलतात, तर काही ‘हे सगळ्यांना सांगायचे नसते’ असे म्हणून थांबतात. ज्ञान जाळ्यात असते आणि खुले केल्याने वाढते, असे आम्ही बी.एड.ला शिकलो. मग या मंडळींची समजूत कशी घालावी?

उत्तर : त्यांची समजूत घालण्याआधी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपल्याला जो त्यांचा नुसता संकोच वाटतो आहे, तो बहुधा त्या ज्ञानाचाच एक भाग आहे.

आपण शिकलेला विचार कनेक्टिव्हिझम या नावाने जॉर्ज सीमेन्स यांनी 2005 च्या सुमारास मांडला. स्टीफन डाउन्स यांच्यासह त्यांनी 2008 मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातून त्याच विषयावर ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला, तेव्हा शुल्क भरलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांबरोबर जगभरातून दोन हजारांहून अधिक माणसे विनाशुल्क सामील झाली. ज्ञान एका डोक्यात नसते, ते जोडण्यांत असते, हे त्यातील मुख्य सूत्र पाड्यावरच्या आजीला मुळीच नवे वाटणार नाही. तिच्या जगात मात्र प्रत्येक जोडणीबरोबर जबाबदारी येते. लग्नाचा चौक (भिंतीवरचे विधिचित्र) सुवासिनींनी लिहायचा, गाणी धवलेरीने म्हणायची आणि तीही त्या विधीच्या वेळी, हे सारे ठरलेले असते. इंटरनेटवर जोडणी विनासायास मिळते आणि ऐकणाऱ्यावर कसलेही देणे राहत नाही. अडचण मोबाइलची नाही. हे देणे नाहीसे होते, तिथे आहे.

ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगु या आदिवासी लोकांनी ही अडचण कशी सोडवली, ते थोडे सविस्तर सांगतो. मिशनरी आणि शिक्षक यांनी पूर्वी काढलेली छायाचित्रे डिजिटल रूपात समाजाकडे परत येऊ लागली, तेव्हा ती सर्वांसमोर मांडून चालणार नव्हते. काही चित्रे फक्त स्त्रियांनी पाहायची, काही फक्त पुरुषांनी, काही ठरावीक कुटुंबांनीच. आणि माणूस वारल्यावर त्याचे चित्र दाखवण्यावरही बंधन असते. किंबर्ली ख्रिस्टन या अभ्यासिकेने समाजाबरोबर काम करून 2007 मध्ये तेथील सांस्कृतिक केंद्रात जो संग्रह उभा केला, त्यात कोणाला काय दिसावे हे पाहणाऱ्याच्या नात्यागोत्यावरून ठरत असे. पुढे त्यातूनच मुकुर्तु हे मोफत सॉफ्टवेअर तयार झाले आणि इतर देशांतील आदिवासी समाजही ते वापरू लागले. त्यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे नियम समाजाचे आहेत आणि सॉफ्टवेअरने ते पाळायचे आहेत. दुसरी म्हणजे एकाच चित्राखाली संग्रहालयाची नोंद आणि घरच्या माणसांनी सांगितलेली हकिकत शेजारी शेजारी राहू शकते.

खुले केले की ज्ञान सुरक्षित होते, हेही सरसकट खरे नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते भारताने छापील पुरावे दाखवले म्हणून. तेथे खुल्या, छापील ज्ञानाचा उपयोग झाला खरा. तरीही पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभारले, ते मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर आधारलेले आहे, आणि तेही परदेशी पेटंट कार्यालयांना गोपनीयतेच्या करारावरच पाहू दिले गेले. ग्रंथातील ज्ञानालाही सरकारने दार लावले असेल, तर तोंडी ज्ञान सांभाळणाऱ्या आजोबांनी ते लावू नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? वनहक्क कायदा, 2006 यातील कलम 3(1)(ट) जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य करते. म्हणून झाडपाल्याच्या औषधांचा विषय ग्रामसभेत मांडावा आणि तेथे ठरेपर्यंत त्यांतले काहीही यूट्यूबवर चढवू नये. एकदा चढवलेली चित्रफीत नंतर काढली, तरी तिच्या प्रती परत मिळत नाहीत.

रानभाज्यांचे तसे नाही. त्या बाबतीत बहुतेकजण आनंदाने बोलतील. तेथेही चित्रफितीची मर्यादा मुलांना दाखवून द्यावी. पहिल्या पावसात उगवणारी शेवळे नीट निवडली नाहीत आणि काकड या झाडाची आंबट फळे घालून शिजवली नाहीत, तर घसा खाजतो. शेवळाचा कोणता भाग काढून टाकायचा, काकडे किती घालायची, हे आजीच्या शेजारी बसून, तिच्या हाताकडे पाहूनच कळते. म्हणून चित्रफीत पाहून झाल्यावर मुलांना त्या आजीबरोबर रानात पाठवावे. दुसऱ्या शाळेनेही नुसती फीत न मागवता आपल्या परिसरातील जाणती माणसे शोधावीत. शाळा एकमेकींशी जोडल्या जाण्याचा खरा लाभ मला यातच दिसतो.

प्रश्न : ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना या डिजिटल व्यवस्थेत स्थान कसे मिळणार? (गडचिरोली जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आवाजाच्या वाटेने. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू केलेल्या सीजीनेट स्वरा या उपक्रमात साध्या फोनवरून क्रमांक फिरवायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपले म्हणणे सांगायचे आणि इतरांचे ऐकायचे, एवढेच करावे लागे. तपासणी झाल्यावर ते सर्वांना ऐकता येई. मौखिक परंपरेला ही रीत लेखी अर्जांपेक्षा कितीतरी जवळची आहे. संमतीही आवाजातच घ्यावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी सांगणाऱ्याने आपल्या बोलीत, आपण हे कोणाकडून शिकलो, ते कोणी ऐकावे आणि कोणत्या प्रसंगी ऐकू नये, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे. फाइलीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या मोबाइलवर गेली, तरी हे शब्द तिच्याबरोबर जातात.