नोकरीवर परतताना आईचं दूध काढून कसं ठेवावं? ते किती वेळ टिकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ साडेचार महिन्यांचं आहे, एप्रिलमध्ये वाळूजच्या कंपनीत रुजू व्हायचंय, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ घराबाहेर. बाळ आजीजवळ राहणार. फ्रिज सिंगल डोअर, दुपारी वीज जाते, आणि आजींना वाटतं की काढून ठेवलेलं दूध शिळं होतं, बाळाला बाधतं.

हात, भांडी आणि थंडावा सांभाळला तर बाधत नाही. कामावर परतणाऱ्या आयांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते: फ्रीझर भरून ठेवायच्या मागे लागू नका. आज कंपनीत काढलेलं दूध उद्या बाळाने प्यायचं, एवढं चक्र चालू राहिलं की पुरतं. दूध जेवढं निघतं तेवढंच बनतं. साठा कितीही असो, दिवसभर छाती रिकामी केली नाही तर दोन-तीन आठवड्यांत दूध कमी होऊ लागतं.

आता हिशेब. १ ते ६ महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं, म्हणजे तासाला ३० मिलीच्या आसपास. १० तासांना ३०० मिली लागेल, वर १०० मिली हाताशी असू द्या. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी रोज एकदा काढायला सुरुवात करा. सकाळी दूध जास्त असतं, म्हणून पहाटेचं पाजून झाल्यावर तासाभराने बसा. सुरुवातीला ३०-४० मिलीच निघालं तर घाबरू नका, बाळ नुकतंच पिऊन गेलेलं असतं. हे दूध बाळाला वाटीने पाजायच्या सरावासाठी वापरा. शेवटच्या तीन-चार दिवसांत सकाळ-संध्याकाळ काढून पहिल्या दिवसापुरतं जमवा.

हाताने काढणं प्रत्येकीला यायलाच हवं, कारण पंप नेमका नको तेव्हा बिघडतो. साबणाने हात धुवा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा, पुन्हा. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि स्तनाग्र पिळायचं नाही, त्याने दूध येत नाही, नुसतं दुखतं. पहिलं एक-दोन मिनिट थेंबच येतील, मग पान्हा फुटून धार लागते. धार मंदावली की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसऱ्या जागी धरा.

रोज दोन-तीनदा काढायचं तर दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप वेळ वाचवतो, १५-२० मिनिटांत काम होतं. पण त्याचा स्तनावर बसणारा भाग, फ्लँज, मापाचा हवा. पट्टीने स्तनाग्राची बुडाजवळची रुंदी मोजा, त्याहून शून्य ते तीन मिलिमीटर मोठं माप घ्या. बऱ्याच पंपांसोबत २४ किंवा त्याहून मोठं येतं आणि कित्येकींना ते सैल पडतं. मग स्तनाग्राभोवतीचा काळा भागही आत ओढला जातो, सूज येते आणि दूध निम्मंच निघतं. खेच सर्वांत वर ठेवल्याने जास्त दूध येत नाही. दुखायला लागलं की एक पायरी खाली.

‘अचानक दूध कमी झालं’ असं वाटलं तर शतावरी आणि अळिवाच्या आधी पंपाचा व्हॉल्व्ह बघा. तो सिलिकॉनचा छोटा पांढरा तुकडा असतो, टोकाला चीर असलेला. रोजच्या वापराने चीर ढिली पडते किंवा टोक फाटतं आणि खेच कमी होते. धुताना आत ब्रश घातला तर आणखी लवकर फाटतो. एक जादा व्हॉल्व्ह बॅगेत ठेवाच.

कंपनीत दर तीन तासांनी काढा: साधारण ११ ला, २ ला, आणि जमलं तर पावणेपाचला. निघताना आणि घरी आल्यावर लगेच अंगावर पाजा. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोन स्तनपान-विराम कायद्याने मिळतात, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते. रुजू व्हायच्या आधीच एचआरला ईमेल करून कडी असलेली खोली आणि प्लग पॉइंट मागा. टॉयलेटमध्ये दूध काढायला सांगितलं तर साफ नकार द्या.

काढलेलं दूध लगेच झाकणाच्या डबीत किंवा दुधासाठीच्या पिशवीत घाला. काच, स्टील, चांगलं प्लॅस्टिक, काहीही चालेल. प्रत्येकीत ६०-८० मिलीच, वर तारीख आणि वेळ. बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे वाचाल, पण ते २५ अंशांपर्यंतचं आहे. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे तो आकडा विसरा, काढल्याबरोबर गार करा. कंपनीत फ्रिज नसेल तर रात्रभर गोठवलेले दोन-तीन जेल पॅक घातलेली इन्सुलेटेड बॅग घ्या. पॅक गोठलेले असतील तर त्यात २४ तासांपर्यंत चालतं.

फ्रिजमध्ये ४ अंशांना चार दिवस. दारात ठेवू नका, मागे, एका मोठ्या डब्यात सगळ्या डब्या एकत्र. ताजं कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतायचं नाही, वेगळं गार करून मग एकत्र करा. वीज गेली तरी दार बंद असेल तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याच डब्यात एक गोठवलेला जेल पॅक ठेवा आणि आजींना म्हणा, त्या वेळात दार उघडू नका.

सिंगल डोअर फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा म्हणजे खरा फ्रीझर नव्हे. उणे १८ अंशांना दूध सहा महिने उत्तम राहतं, पण ते वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये. या कप्प्यात दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका, अडीअडचणीला दोन डब्या पुरेत. पिशवी किंवा डबी काठोकाठ भरू नका, गोठल्यावर दूध फुगतं. गोठलेलं आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका.

पुढचं आजींनाच वाचून दाखवा. हे दूध गाई-म्हशीच्या दुधासारखं उकळायचं नाही, त्याने त्यातले रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. पाणी, साखर काही घालायचं नाही. डबी कोमट पाण्याच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं धरायची, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एखादा घोट कढत राहतो आणि तोंड भाजतं. वर साय आणि खाली निळसर पाणी दिसलं तर दूध नासलेलं नाही, हलकेच गोल फिरवलं की एकजीव होतं. एक-दोन दिवसांनी साबणासारखा वास येऊ शकतो. तो दुधातल्याच लायपेज या चरबी पचवणाऱ्या घटकामुळे, बाळ पीत असेल तर द्या. आंबूस वास आला तर मात्र टाका. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर देऊ नका.

पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाटलीचं निपल नीट साफ होत नाही, आणि काही बाळं बाटलीची सोपी धार चाखली की अंगावर कुरकुर करतात. बाळाला मांडीवर उभं धरा, दूध ओठाला लावा, त्याला चाटू द्या, तोंडात ओतू नका. सराव करताना तुम्ही घराबाहेर थांबा. तुमचा वास येत असेल तर बाळ वाटीला तोंड लावणार नाही. पहिल्या आठवड्यात ते दिवसा कमी पिऊन रात्री भरपूर पिईल. हे नेहमीचं आहे, रात्री जवळ घेऊन झोपवून पाजत राहा, तुमचं दूधही त्यावरच टिकेल.

पंपाचे दुधाला लागणारे भाग दर वेळी गरम साबणपाण्याने धुवून हवेवर वाळवा, दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. नळी आणि मोटर उकळू नका. नळीत बाष्प दिसलं तर दूध काढून झाल्यावर पंप दोन मिनिटं रिकामा चालवा.

दूध काढायची एखादी वेळ चुकली आणि छातीत गाठ झाली तर जोरात चोळू नका, सूज वाढते. बाळाला पाजा किंवा नेहमीइतकंच काढा, मग गार पट्टी ठेवा. लाली पसरली आणि ताप आला तर २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, आणि पाजणं थांबवू नका. अँटिबायोटिक लागलंच तर अंगावर पाजता असं सांगा, त्याला चालणारी औषधं असतात.