कॉर्निश म्हणजे नक्की काय?

प्रश्न: लंडनला मुलाकडे गेले होते, तिथे दुकानात ‘कॉर्निश पेस्टी’ लिहिलेलं होतं. यात कॉर्न म्हणजे मका असतो का हो?

उत्तर: नाही ताई, मक्याचा काही संबंध नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथलं ते कॉर्निश, म्हणजे माणसं, भाषा, सगळंच. पेस्टी दिसते आपल्या मोठ्या करंजीसारखी, कडेला जाड मुरड, आत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमसारखा कंद, आणि 2011 पासून हे नाव फक्त कॉर्नवॉलमध्ये बनवलेल्या पेस्टीलाच लावता येतं. पण मला खरी ओढ त्या भाषेची, ती इंग्रजीची बोली नाहीच, वेल्समधली वेल्श आणि फ्रान्सच्या वायव्य भागातली ब्रेटन या भाषांची बहीण आहे, अठराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून जवळपास गेली होती, 1904 मध्ये हेन्री जेनर या अभ्यासकाने ती शिकवणारं पुस्तक काढलं आणि लोक परत शिकायला लागले, किती मोठी गोष्ट आहे ही! कॉर्निशमध्ये ‘मेउर रास’ म्हणजे खूप धन्यवाद.