‘ही फी बेकायदा आहे’ हे तक्रारीत लिहू नका

कार्यक्रम रद्द, तिकिटाचे मूळ पैसे परत, पण कन्व्हिनियन्स फी (ऑनलाइन बुकिंगसाठी तिकिटावर लावतात ते जादा शुल्क) ॲपने ठेवून घेतली. आणि महाराष्ट्रात ही फी घेताच येत नाही ना, असा तुमचा प्रश्न. अगदी याच वाटेने मी गेलो आणि तोंडावर आपटलो, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

ग्राहक हेल्पलाइन १९१५, ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत, वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. १९१५वाले तक्रार कंपनीकडे ढकलतात, निकाल देत नाहीत. मला कंपनीचं छापील उत्तर आलं, आणि तक्रार ‘निकाली’.

माझी चार तिकिटं होती, ३,४९९ रुपयांची. प्रत्येकी २५० फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९५. चौघांचे ११८०. कार्यक्रम दोन दिवसांवर आला असताना ‘अपरिहार्य कारणास्तव रद्द’ असा मेसेज. मूळ रक्कम दहा आठवड्यांनी आली. ११८० गेले ते गेलेच.

मग मी पेटलो. कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं की राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ही फी बंद केली आहे. ग्राहक आयोगातली अख्खी तक्रार त्यावरच उभी केली, पाच पानं. समोरच्या वकिलाला उत्तराला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते आदेश चित्रपटगृहांसाठीचे, करमणूक शुल्काच्या कायद्याखालचे. शिवाय हायकोर्टाने २०१४ मध्येच त्यांना स्थगिती दिलेली. (आता तर जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्दच केलेत. फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय.) दुसरा मुद्दा त्यांनी काढला: आम्ही फक्त मध्यस्थ, आयोजकाला विचारा. आयोजकाला मी पक्षकारच केलं नव्हतं. त्याचं नाव तिकिटाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

तक्रार दुरुस्त करायला निघालो तर एका कार्यालयाने (कुठलं ते विचारू नका) सहा खेपा घालायला लावल्या. एकदा पानांवर क्रमांक नाहीत, एकदा एक प्रत कमी, एकदा ‘साहेब रजेवर’. खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “हजार रुपयांसाठी एवढं कशाला करताय?” तेव्हा राग आला होता. पण त्या सहा रजांचा हिशेब केला तर बाई बरोबर होत्या!

सगळ्यात चीड याची की उत्तर माझ्या इनबॉक्समध्येच पडलं होतं. फीचं जीएसटी बिल वेगळं येतं, आणि माझ्या बिलावर विक्रेता म्हणून ॲपचंच नाव आणि जीएसटी क्रमांक होता. तिकिटाचे पैसे आयोजकाचे असतील, पण फी ही ॲपने तुम्हाला स्वतः विकलेली सेवा. मग मध्यस्थ कसले? फी किती असावी यावर वाद घालू नका. ज्या सेवेचं बिल तुमच्या नावे फाडलं, ती मिळाली का, एवढंच विचारा. आयोजकालाही दोन नंबरचा पक्षकार करा. माझ्या मते यात दम आहे. आयोग काय म्हणेल ते आयोग जाणे.

आणि आजच स्क्रीनशॉट काढा. कार्यक्रमाचं पान नंतर गायब होतं. फी पहिल्या पानावर दिसत होती की पैसे भरताना अचानक उगवली, हे दाखवता आलं पाहिजे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे शेवटच्या क्षणी किंमत फुगवणं फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहे. न विचारता टिक केलेली एक-दोन रुपयांची देणगीसुद्धा.

‘दुसऱ्या ॲपवरून घ्यायचं होतं’ म्हणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. दुसरं ॲप होतं कुठे? बुकमायशोविरुद्ध स्पर्धा आयोगाने जून २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकिटांचा धंदा दोन हजार कोटींच्या वर मोजून घेतला, आणि आता त्यांचं डिस्ट्रिक्ट हे तिकीट ॲप आहे. दुकानं दोन झाली, तरी मोठी मैफल बहुधा एकाच दुकानात मिळते. आयोजक एकाशीच करार करतो, भाव करायला आपण कुठे असतो तिथे? अमेरिकेत मैफली भरवणारी लाइव्ह नेशन आणि तिकिटं विकणारी तिकीटमास्टर या कंपन्या २०१० मध्ये एक झाल्या. त्यांना वेगळं करा म्हणून तिथल्या सरकारने मे २०२४ मध्ये दावा लावला. म्हणजे हे दुखणं काही आपलंच नाही.

नाटकाचं मात्र मी अजूनही नाट्यगृहाच्या खिडकीवरच घेतो. प्लॅन समोर असतो, बोट ठेवून खुर्ची निवडायची, आणि वर छदाम नाही. पार्किंगचे वीस रुपये जातात, तेवढं धरा.

बिल सापडलं नाही तर ॲपच्या बुकिंग हिस्टरीत बघा, माझं तिथेही होतं.