वाचकांचे प्रश्न : रेल्वेतील मैला जातो कोठे?

प्रश्न : रेल्वेगाडीच्या शौचालयातील मैला अजूनही रुळांवरच पडतो का?

उत्तर : जुन्या डब्यांत भांड्याची नळी थेट खाली उघडत असे व त्यातून पळती खडी दिसे, म्हणूनच गाडी स्थानकात उभी असताना शौचालय वापरू नये, अशी पाटी लावलेली असे. त्यामुळे रूळ गंजत आणि रूळ तपासणाऱ्या कामगारांचे हाल तर विचारूच नयेत. नव्या डब्यांखाली बहुधा बंद टाकी असते. निर्वात पद्धतीत बटण दाबताच झडप क्षणभर उघडते आणि हवेच्या दाबातील फरकामुळे मैला अगदी थोड्या पाण्यासह टाकीकडे खेचला जातो (दचकवणारा तो आवाज हवेचाच!), पुढे आगारात शोषणपंपाची नळी जोडून टाकी रिकामी करतात. काही टाक्यांत जिवाणूच मैल्याचे विघटन करतात. मात्र भांड्यात प्लास्टिक टाकल्यास सारेच तुंबते.